सांडपाणी शुद्ध करूनही लेक वॉशिंग्टन का नासलं?

बेलव्ह्यू, रेडमंड, कर्कलंड ही नावं आता आपल्याकडे घरोघरी माहीत झालीत, कुणाचा तरी भाचा नाहीतर सून तिकडे मायक्रोसॉफ्ट किंवा ॲमेझॉनमध्ये असतेच. ही सगळी गावं ज्या पाण्याच्या आजूबाजूला वसलीत ते लेक वॉशिंग्टन, सिएटलच्या पूर्वेचं तळं, जवळपास 35 किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी 60 मीटरपेक्षा खोल. आज लोक त्यात मजेत पोहतात, पण 1963 मध्ये तिथल्या पेपरवाल्यांनी त्याचं नाव 'लेक स्टिंको' ठेवलं होतं, इतका वास मारायचा.

आणि यात कुणी कामचुकारपणा केला होता असंही नाही. काठावरची गावं वाढत गेली, प्रत्येकाने आपापला सांडपाणी प्रकल्प बांधला, असे दहाएक प्रकल्प झाले, आणि तिथे दुसऱ्या टप्प्यापर्यंत शुद्धीकरणही व्हायचं, म्हणजे जिवाणूंकडून मैला खाववून घ्यायचा, गाळ खाली बसवायचा आणि वरचं बऱ्यापैकी नितळ पाणी तळ्यात सोडायचं. कागदावर सगळे पास! पण जिवाणू मैल्यातला सेंद्रिय भाग खातात, फॉस्फरस मात्र बराचसा फॉस्फेट बनून पाण्यात विरघळलेला राहतो, शिवाय डिटर्जंटमधला फॉस्फेट वेगळाच. गोड्या पाण्याच्या तळ्यात शेवाळाची वाढ बहुतेक वेळा फॉस्फरसपाशीच अडते, बाकी सगळं त्याला मुबलक असतं. म्हणजे ही गावं मिळून 1960 च्या सुमारास रोज साधारण साडेसात कोटी लिटर पातळ खत तळ्यात ओतत होती.

1955 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातले डब्ल्यू. टी. एडमंडसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना तळ्यात ऑसिलॅटोरिया रुबेसेन्स नावाचे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे शेवाळासारखे उन्हावर वाढणारे जिवाणू दिसले, तांबूस धाग्यांसारखे. साध्या माणसाला यात काही वाटलं नसतं, पण स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या तळ्याची वाट लागली तेव्हा तिथेही हेच आधी आले होते, त्यामुळे एडमंडसननी लगेच ओळखलं की पुढे काय वाढून ठेवलंय.

आता एका गावाने एकट्याने काय करायचं? स्वतःचं पाणी वळवलं तरी शेजारच्या नऊ गावांचं येतच राहणार, खर्च आपला आणि तळं तसंच. वकील जेम्स एलिस आणि इतरांनी 'मेट्रो' नावाची सगळ्यांची मिळून एक संस्था काढायचा प्रस्ताव आणला, त्यात सांडपाणी, बस वाहतूक आणि प्रादेशिक नियोजन सगळं एकदम. मार्च 1958 च्या मतदानात सिएटलने हो म्हटलं पण उपनगरांनी पाडलं, मोठं शहर आपल्याला गिळणार ही भीती, आणि नियम असा की दोन्हीकडे वेगवेगळं बहुमत पाहिजे. मग सप्टेंबरमध्ये क्षेत्र कमी केलं, काम फक्त सांडपाणी ठेवलं, तेव्हा पास झालं. मला तर खरी हुशारी इथेच वाटते, सगळी कामं मागून काहीच न मिळण्यापेक्षा एकच काम मागितलं पण त्यासाठी घराघरातून वसूल होणारं सांडपाण्याचं बिल हातात घेतलं. (बससेवा मेट्रोकडे आलीच नंतर, 1970 नंतर.)

1963 ते 1968 मध्ये काठाने मोठ्या वाहिन्या टाकून सगळ्या गावांचं पाणी तळ्याबाहेर काढलं, दोन मोठ्या प्रकल्पांत शुद्ध करून प्युजेट साउंडकडे, म्हणजे समुद्राकडे सोडलं. तळं किती स्वच्छ झालं ते मोजायची पद्धत भारी साधी आहे, वीसएक सेंटीमीटरची एक थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि कुठल्या खोलीवर ती दिसेनाशी होते ते लिहायचं. सगळ्यात वाईट उन्हाळ्यांत ती जेमतेम 1 मीटरवर गायब व्हायची, 1971 च्या आसपास तीनएक मीटरपर्यंत दिसायला लागली. पाण्यातला फॉस्फेट पार खाली आला, नायट्रेट तेवढा उतरलाच नाही, तरी शेवाळ कमी झालं, म्हणजे दोषी कोण ते सिद्धच झालं! पुढे 1976 नंतर डॅफ्निया नावाचे बारीक पाणपिसू वाढले, हे पाणपिसू पाणी गाळून खातात, आधी धागेवाले बॅक्टेरिया त्यांच्या त्या चाळणीत अडकायचे, ते आता राहिले नव्हते, मग त्यांनी उरलंसुरलं शेवाळ खाऊन पाणी आणखी नितळ केलं. हे मात्र कुणीच ठरवून केलेलं नव्हतं.

आपल्याकडे हे वाचताना उजनी आठवणारच. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं पाणी मुळा-मुठा, इंद्रायणीतून भीमेत आणि तिथून उजनीत, आणि सोलापूर तेच पिणार. जलपर्णी आणि हिरवं पाणी यांचं रसायन तेच, पण उपाय जसाच्या तसा उचलता येणार नाही कारण पुण्याला सांडपाणी वळवायला शेजारी समुद्र नाही, आणि लेक वॉशिंग्टनमध्ये सीडर नदीचं स्वच्छ पाणी येऊन दोन-तीन वर्षांत पाणी बदलतं ही तिथली जमेची बाजू. उजनीत 117 टीएमसीपैकी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) 63 च्या आसपास मृत साठाच आहे, म्हणजे दारांच्या पातळीखाली तळाशी राहणारं पाणी. त्यामुळे फॉस्फरस प्रकल्पातच काढावा लागेल, जास्तीच्या टप्प्यात, आणि तो खर्च पुण्याच्या बिलात येणार तर फायदा सोलापूरच्या नळाला.

यासाठी कायदा नाही असं नाही हां. संविधानाच्या कलम 243झेडई मध्ये महानगर नियोजन समिती आहे, महापालिका आणि पंचायतींमधली पाण्याची वाटणी आणि पर्यावरण यांचा समितीने एकत्र विचार करावा असं त्यात स्पष्ट लिहिलंय, किमान दोन तृतीयांश सदस्य निवडून आलेलेच पाहिजेत हेही. पण समितीने करायचा तो विकास आराखड्याचा मसुदा. मेट्रोसारखी घरामागे महिन्याची आकारणी लावून वाहिन्या टाकायची ताकद ते कलम तिला देत नाही, आणि तसंही सोलापूर पुणे महानगराच्या हद्दीत येतच नाही.