शेजारच्या कुत्र्याच्या सततच्या भुंकण्याबद्दल तक्रार : अर्ज कोणी, कुठे आणि कसा करावा

कुत्रा भुंकला एवढ्यावरून भारतात मालकाला दंड होत नाही. त्या आवाजाचा सार्वजनिक उपद्रव होत असल्याचे दाखवावे लागते, आणि म्हणून सगळी मदार अर्जासोबत जोडलेल्या नोंदींवर असते.

पहिले पत्र मालकालाच द्यावे, त्याची प्रत गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांकडे देऊन पोहोच घ्यावी. संस्था मालकाला समज देऊ शकते, पण बहुमताने ठराव केला तरी कुत्रा पाळण्यावर बंदी घालू शकत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार भुंकणे हे बंदीचे कारण ठरत नाही. मात्र विशेषतः रात्री कुत्रा शांत राहील याची मालकाने काळजी घ्यावी, असेही त्याच सूचना सांगतात. पत्रात याचा उल्लेख जरूर करावा.

त्रास थांबला नाही तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देता येते. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ नुसार सार्वजनिक उपद्रवासाठी १,००० रुपयांपर्यंत दंड आहे, परंतु हा गुन्हा अदखलपात्र असल्याने केवळ नोंद होऊन प्रकरण तिथेच रेंगाळण्याची शक्यता असते. त्यापेक्षा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे केलेला अर्ज मला अधिक परिणामकारक वाटतो, कारण ते उपद्रव थांबवण्याचा सशर्त आदेश काढू शकतात. मालकाला बाजू मांडण्याची संधी मिळते; आदेश कायम होऊनही तो मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ नुसार सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

उपद्रव सार्वजनिक असायला हवा, म्हणून अर्जावर एकापेक्षा अधिक घरांतील रहिवाशांच्या सह्या असाव्यात. त्रास एकाच घराला असेल तर दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागावा लागतो. अर्ज साध्या कागदावर चालतो; सोबत ओळखपत्र, वीजबिल किंवा भाडेकरार, आधीच्या पत्राची पोहोच आणि तारीखवार नोंदवही जोडावी. ‘रोज रात्रभर भुंकतो’ असे मोघम लिहू नये. ‘रात्री ११.४० ते १२.२५, मालक घरी नाही, कुत्रा गॅलरीत बांधलेला’ अशी नोंद ग्राह्य धरली जाण्याची शक्यता अधिक असते. ध्वनिमुद्रणाची मूळ फाइल जपून ठेवावी आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्यावा.

कुत्रा कायम साखळीला असेल तर अर्जात तेही लिहावे. नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवण्यात हयगय करणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड केवळ १० ते ५० रुपये असला तरी त्या मुक्या जिवाचे हाल सरकारी नोंदीवर येतात.