रुग्णालयीन श्वसनविषाणू-प्रतिबंध (नागपूर)

रुग्णालयीन श्वसनविषाणू-प्रतिबंध : इन्फ्लुएंझा, आरएसव्ही (प्रामुख्याने लहान मुलांच्या श्वसनमार्गाला बाधणारा विषाणू), गोवर, सार्स-कोव्ही-२ (कोविड-१९ चा विषाणू) इत्यादी विषाणूंचा संसर्ग रुग्णालयाच्या आवारातच एका रुग्णाकडून दुसऱ्याला, कर्मचाऱ्यांना वा नातेवाइकांना होऊ नये यासाठीची व्यवस्था. मुखपट्टी, हातांची स्वच्छता, खाटांमधील अंतर व विलगीकरण ही तिची सर्वपरिचित अंगे होत. विषाणू नेमका कोणत्या वाटेने पसरतो याविषयी मात्र शतकाहून अधिक काळ वाद आहे आणि वॉर्डाची रचना कशी असावी, हे त्याच्या उत्तरावर ठरते.

जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ कार्ल फ्लुग्गे यांनी १८९७ च्या सुमारास बोलताना-खोकताना उडणाऱ्या थेंबांत जंतू असतात हे दाखविले. त्यानंतर अमेरिकेतील चार्ल्स चेपिन यांनी १९१० मध्ये हवेतून होणारा प्रसार जवळपास नगण्य ठरवून संपर्कावर भर दिला. घाण हवेतून रोग होतो ही जुनी समजूत मोडून काढण्यासाठी ही भूमिका उपयोगी पडली. पण तिचा पगडा गरजेपेक्षा जास्त काळ टिकला, असे म्हणावे लागते. विल्यम वेल्स यांनी १९३४ मध्ये मांडले, की सुमारे १०० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान थेंब जमिनीवर पडण्याआधीच वाळतात व त्यांचा उरलेला गाभा हवेत तरंगत राहतो. वेल्स व रिचर्ड रायली यांनी पुढे बाल्टिमोर येथे क्षयरोग्यांच्या वॉर्डातील हवा नळांवाटे गिनीपिगांच्या पिंजऱ्यांपर्यंत नेली आणि ते प्राणी बाधित झाल्याचे दाखविले.

पाठ्यपुस्तकांत मात्र १०० ऐवजी ५ मायक्रॉन हीच सीमारेषा रूढ झाली : त्याहून मोठे ते थेंब, लहान ते हवेतील कण. फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचणारे क्षयजंतूंचे कण ५ मायक्रॉनहून लहान असावे लागतात. तोच आकडा ‘हवेत तरंगू शकणारा कण’ या अर्थाने चुकून सर्वत्र लागू झाला, असे अलीकडच्या काही अभ्यासकांचे मत आहे आणि ते सयुक्तिक वाटते. कारण स्थिर हवेत दीड मीटर उंचीवरून खाली येण्यास १०० मायक्रॉनच्या थेंबाला सुमारे ५ सेकंद लागतात, तर ५ मायक्रॉनच्या कणाला अर्ध्या तासाहून अधिक. या दोहोंमधील आकारांचे कणही खाटेपासून मीटरभर अंतर पाळण्याच्या नियमाला दाद देत नाहीत. कोविड-१९ हा हवेतून पसरणारा रोग नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्ये जाहीर केले होते. २०२४ च्या तिच्या अहवालात थेंब व एरोसॉल (हवेत तरंगणारे सूक्ष्म कण) हा आकारावर बेतलेला भेद सोडून देण्यात आला.

याचा अर्थ संपर्क गौण असा नव्हे. आरएसव्हीबाबत १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बाधित अर्भकांना कुशीत घेणाऱ्या ७ पैकी ५ जणांना व केवळ दूषित पृष्ठभागांना हात लावणाऱ्या १० पैकी ४ जणांना संसर्ग झाला. दूर बसलेल्या १४ पैकी कोणालाही नाही. बालरोग वॉर्डात म्हणूनच हात आधी, हवा नंतर.

हवेसंबंधीचे आकडे असे : विलगीकरण कक्षात तासाला १२ वायुबदल (म्हणजे खोलीच्या आकारमानाइतकी हवा तासाला १२ वेळा बदलणे) व बाहेरच्या मार्गिकेपेक्षा किमान २.५ पास्कल (दाबाचे एकक) कमी दाब असावा, हा प्रचलित दंडक. हवा नीट मिसळत असेल तर तासाला १२ वायुबदलांच्या गतीने ९९ टक्के कण निघून जाण्यास २३ मिनिटे लागतात, ६ च्या गतीने ४६. यंत्रांविना, खिडक्या-झरोक्यांवर चालणाऱ्या वॉर्डांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये वेगळे माप दिले : सामान्य वॉर्डात प्रत्येक रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर, हवेतून पसरणाऱ्या रोगांच्या कक्षात १६० लिटर.

नागपुरात या प्रश्नाचा भार प्रामुख्याने दोन शासकीय रुग्णालयांवर पडतो : मेयो (आजचे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, मूळ दवाखाना १८६२ च्या सुमाराचा) आणि मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, १९४७). मिहान या शहराच्या दक्षिणेकडील प्रकल्पक्षेत्रातील एम्सची पहिली विद्यार्थी-तुकडी २०१८ ची. विदर्भाबरोबरच छिंदवाडा, बालाघाट, शिवनी येथूनही रुग्ण येत असल्याने त्यांच्यासोबत आलेल्या नातेवाइकांचा मुक्काम वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात चटया टाकून पडतो. डबा देणे, सलाइनवर लक्ष ठेवणे, रुग्णाला उठवून बसवणे ही कामे तेच करतात. प्रवेशपास कितीही कडक केला तरी ही माणसे वजा करता येत नाहीत. मुखपट्टीचा आग्रह त्यांच्यापर्यंत पोचला नाही तर उरलेली शिस्त अर्धीच ठरते.

येथील खरा तांत्रिक मुद्दा कूलरचा आहे. २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदविलेल्या या शहरात कूलरविना वॉर्ड चालवणे शक्य नाही. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो. खिडकीत बसवलेला कूलर बाहेरची हवा ओल्या ताट्यांतून (गवताच्या वा लाकडी तंतूंच्या जाळ्यांतून) आत ढकलतो, म्हणजे तो वायुवीजनाचेच काम करतो. २० खाटांच्या वॉर्डाला वरील मापाने तासाला ४,३२० घनमीटर हवा लागते. मोठ्या कूलरवर ४,००० ते ५,००० घनमीटरचा दावा छापलेला असतो. ताट्या क्षारांनी तुंबल्या की प्रत्यक्षात तेवढी हवा येत नाही, तरीही दोन कूलर पुरेसे ठरावेत.

अडचण दिशेची आहे. कूलरमुळे वॉर्डात धनदाब (बाहेरपेक्षा जास्त दाब) होतो आणि आतली हवा दारातून थेट व्हरांड्यातील चटयांकडे जाते. सामान्य वॉर्डात समोरच्या भिंतीवर बाहेर उघडणारे एक्झॉस्ट पंखे लावून हे बरेचसे टाळता येते. विलगीकरण कक्षात मात्र कूलरने आत घेतलेल्या हवेपेक्षा एक्झॉस्टने बाहेर टाकलेली हवा जास्त असल्याशिवाय ऋणदाब (बाहेरपेक्षा कमी दाब) होत नाही. क्षयरोग कार्यक्रमातील २०१० च्या मार्गदर्शक सूचनांमुळे रुळलेली उदबत्तीची चाचणी येथे सर्वांत सोयीची : किंचित उघड्या दाराच्या फटीशी उदबत्ती धरावी, धूर आत ओढला गेला तर कक्ष ठीक. ही चाचणी कूलर चालू ठेवूनच घ्यावी लागते; बंद कूलरवर घेतलेल्या चाचणीला अर्थ नाही.

उन्हाळा त्यामुळे हवेच्या हिशेबाने तुलनेने बरा, असे म्हणता येईल. उलट पावसाळ्यात झड आत येते म्हणून आणि पौष-माघात किमान तापमान १० अंशांच्या आसपास उतरते म्हणून खिडक्या बंद राहतात. डेंग्यूच्या दिवसांत डासांसाठी संध्याकाळपासूनच तावदाने ओढली जातात किंवा जाळ्या बसवल्या जातात आणि धुळीने भरलेली जाळी हवा चांगलीच अडवते. (कूलरच्या टाकीतले साचलेले पाणी हे डासांचे आवडते ठिकाण, हा त्यातला उपरोध.) इन्फ्लुएंझाचा जोर भारताच्या बऱ्याच भागांत पावसाळ्यात व पुन्हा हिवाळ्यात दिसतो; नागपूरला २०१५ च्या आरंभी स्वाइन फ्लूचा तडाखा बसला तोही थंडीच्या शेवटी. थोडक्यात, कूलर उतरवले जातात तेव्हाच वॉर्डाला एक्झॉस्टची गरज सर्वाधिक असते, आणि नेमके तेव्हाच थंडी वाजते म्हणून ते बंद केले जातात.

निदानाच्या बाजूने शहराचे योगदान उल्लेखनीय आहे. नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) या नागपूरस्थित संस्थेने मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवर आधारित आरटी-पीसीआर (विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधणारी चाचणी) पद्धत विकसित केली व मे २०२१ मध्ये तिला आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) मान्यता मिळाली. रुग्ण स्वतः १५ सेकंद गुळणी करून नमुना नळीत देतो. त्यामुळे स्वॅब घेताना कर्मचाऱ्याला रुग्णाच्या तोंडासमोर उभे राहावे लागत नाही.

वापरलेल्या मुखपट्ट्या कोविडकाळातील सूचनांनुसार पिवळ्या पिशवीत, तर गॉगल व हातमोजे लाल पिशवीत जातात.