कूलर गेला, वायर राहिली

नागपुरातल्या जुन्या ऑफिसांत खिडकीपाशी एखादी वायर हमखास लोंबकळत असते. कधीतरी उन्हाळ्यात कूलरसाठी ओढलेली. पुढे एसी आला, कूलर भंगारात गेला आणि टोकाला काळी टेप गुंडाळून वायर तशीच राहिली. विचारलं तर उत्तर ठरलेलं, “ती बंद आहे हो.”

कशावरून? बहुतेक वेळा टेस्टरवरून. टेस्टरमधला निऑनचा दिवा पेटायला मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा इतका प्रवाह पुरतो. तो टेस्टरमधल्या मोठ्या रोधातून आणि आपल्या अंगातून जमिनीकडे जातो. म्हणूनच टेस्टर दोन्हीकडून फसवतो. बंद वायर चालू वायरीला खेटून लांबवर गेली असेल, तर दोघींचा मिळून कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारी जोडी, तयार होतो. मग दोन्ही टोकं सुटी असूनही दिवा मिणमिणतो, डिजिटल मीटरही बरेच व्होल्ट दाखवतो. एखादा बल्ब जोडून जरासा लोड दिला की ते व्होल्टेज कोसळतं. उलट, कोरड्या लाकडी शिडीवर रबरी चपला घालून उभं राहिलात तर वायर चालू असूनही दिवा मंद लागतो, आणि मे महिन्याच्या उन्हात तो दिसतो कुणाला? मला ही दुसरी फसवणूक जास्त घातक वाटते.

वायर बंद आहे का, हे तिची दोन्ही टोकं सापडल्यावरच कळतं. सीताबर्डी, इतवारीतल्या इमारतींत पार्टिशनं कितीदा तरी हललेली असतात; वायर शेजारच्या मीटरवर किंवा इन्व्हर्टरवर असली, तर तुमचा मेन स्विच पाडूनही तिच्यात 230 व्होल्ट राहतात. परवानाधारक वायरमन आधी चालू सॉकेटवर मीटर तपासतो, मग वायरीवर लावतो, मग पुन्हा सॉकेटवर. एमसीबी (त्या लाइनचा सुरक्षा स्विच) पाडून कुलूप आणि पाटी लावतो आणि वायर आधी पुरवठ्याच्या टोकाला सोडवतो.

ओढून काढतानाही घाई नको. जुनं रबरी आवरण हात लावताच भुगा होतं. (त्यातली तार चंदेरी दिसली तर ॲल्युमिनियम समजू नका, रबरातल्या गंधकापासून वाचवायला तांब्यावर कथिलाचा मुलामा देत.) टिनाच्या छपराखाली वर्षानुवर्षं तापलेलं पीव्हीसी प्लास्टिकही कडक होऊन तडकतं. एकाच पाइपातून वायर खेचली, तर शेजारच्या चालू वायरीचं आवरण सोलून निघू शकतं. निघतच नसेल तर दोन्ही टोकं बंद डब्यात ठेवून वर चिठ्ठी चिकटवावी.

सोललेल्या तांब्याला भाव चांगला मिळतो, म्हणून इमारतीमागे वायरी जाळल्या जातात. शुद्ध पीव्हीसीत वजनाने जवळपास 57 टक्के क्लोरीन असतो. जळताना हायड्रोजन क्लोराइड निघतो, आणि तांब्याच्या सान्निध्यात डायॉक्सिन नावाची विषारी रसायनंही तयार होतात. वायरी देण्याआधी कबाडीला विचारा, त्या सोलणार की जाळणार. नीट उत्तर मिळालं नाही, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेला पुनर्वापर करणारा शोधा.