‘रोज २२’ हा आकडा आला कुठून?

अमेरिकेत इराक-अफगाणिस्तानातून परतलेले २२ माजी सैनिक रोज पीटीएसडीमुळे, म्हणजे आघातानंतरच्या मानसिक विकारामुळे, आत्महत्या करतात, असा दावा वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्याकडे लक्ष वेधायला लोकांनी रोज २२ जोरही काढले. हेतू चांगलाच, पण दावा चुकीचा.

आकडा आहे तिथल्या माजी सैनिक खात्याच्या २०१२च्या अहवालातला. तो मुळात अंदाज होता, फक्त २१ राज्यांतल्या मृत्यूच्या दाखल्यांवरून बांधलेला. त्यात सगळ्या काळातले माजी सैनिक होते आणि बहुसंख्य पन्नाशी गाठलेले किंवा ओलांडलेले. नुकत्याच परतलेल्या तरुणांचा हा आकडा नव्हेच. २०१६च्या अहवालात तो २० झाला. त्यात सेवेतले सैनिकही मोजले होते, हे खात्याने नंतर स्पष्ट केले.

प्रश्न खरा आहे. माजी सैनिकांत आत्महत्येचे प्रमाण इतर प्रौढांपेक्षा जास्तच आहे. पण या घोषणेत म्हातारे माजी सैनिक दिसेनासे होतात (मला हेच जास्त खुपते), आणि पीटीएसडी म्हणजे मृत्यूच असा समज पसरतो. हा विकार असलेले बहुतेक जण आत्महत्या करत नाहीत. आघातावर केंद्रित मानसोपचारांनी अनेकांना चांगला उतार पडतो, अगदी युद्धानंतर कित्येक वर्षांनी उपचार सुरू केले तरी.