पर्यावरणपूरक उत्पादनाचा निर्णय
एखादा माल कमी विषारी, कमी वीज खाणारा किंवा पुन्हा वापरात येणारा करायचा, हे कारखानदार कसे ठरवतो त्याची प्रक्रिया. १९६२ साली स्थापन झालेल्या एमआयडीसीच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायने, रंग, औषधे व इलेक्ट्रॉनिक्स शेजारीशेजारी असल्याने ती येथे जवळून पाहता येते.

सुरुवात बहुधा पर्यावरणप्रेमातून होत नाही. परदेशी गिऱ्हाइकाचे पत्र येते. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंतील शिसे, पारा, कॅडमियम यांवर मर्यादा घातल्यावर निर्यातदारांना सुटे भाग जोडणारा डाख (सोल्डर) शिसेविरहित घ्यावा लागला. जुना डाख १८३ अंश सेल्सियसला वितळे, नवा साधारण २१७ ला. म्हणजे भट्टीचे तापमान वाढले आणि ती उष्णता न सोसणारे सुटे भागही बदलावे लागले.

दुसरा रेटा कायद्याचा. पिवळ्या रंगाचे उदाहरण बोलके आहे. लेड क्रोमेट हे शिसे असलेले पिवळे रंगद्रव्य स्वस्त, उन्हात टिकणारे आणि खालचा पृष्ठभाग चांगला झाकणारे. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिसे दशलक्ष भागांत ९० पेक्षा जास्त नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ ला लागू झाला. पर्यायी सेंद्रिय पिवळा चाचणीच्या काळ्या-पांढऱ्या कार्डावर ओढला, की खालची काळी पट्टी डोकावते. मग टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरे रंगद्रव्य वाढवा, छटा पुन्हा जुळवा, नाहीतर रंगाऱ्याला आणखी एक हात मारायला सांगा. बिस्मथ व्हॅनाडेट हे महाग पिवळे रंगद्रव्य झाकते चांगले, पण भाव ऐकून खरेदी विभाग हात आखडता घेतो. औद्योगिक रंग या नियमाबाहेर राहिल्याने तेथे शेवटचा शब्द गिऱ्हाइकाचाच.

तिसरे कारण कचऱ्याचे बिल. टीटीसीतील (ट्रान्स ठाणे क्रीक, म्हणजे याच ठाणे-बेलापूर पट्ट्यातील) सांडपाणी कोपरखैरण्याच्या सामाईक प्रक्रिया केंद्रात जाते, घातक गाळ पैसे मोजून तळोज्यासारख्या ठिकाणी पाठवावा लागतो. वापरलेला विद्रावक (सॉल्व्हंट) ऊर्ध्वपातनाने शुद्ध करून पुन्हा वापरला, तर खरेदी व विल्हेवाट दोन्हींत बचत होते. असा प्रस्ताव लेखा विभागही अडवत नाही. शेजारी ठाणे खाडी आहे, २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. त्यामुळे सांडपाण्यावर लोकांची नजरही असते.

ग्राहकाची पसंती हे कारण जाहिरातीत पहिले, प्रत्यक्षात बरेच मागे. मातीच्या मडक्याचे चिन्ह असलेली ‘इकोमार्क’ योजना १९९१ ची. ते चिन्ह किती वाचकांनी मालावर पाहिले असेल? २००६ पासूनचे फ्रिज-एसीवरचे तारे मात्र दुकानात मोजले जातात, कारण त्यांचा संबंध वीजबिलाशी आहे.