बोट लागणे

बोट लागणे : नावेच्या हेलकाव्यांमुळे मळमळ, चेहरा पांढरा पडणे, थंड घाम, तोंडाला पाणी सुटणे व पुढे ओकाऱ्या होण्याचा विकार. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. तेथे हाच विकार ‘गाडी लागणे’ म्हणून घाटातल्या एसटी प्रवासामुळे परिचित आहे. पैठणच्या नाथसागरातील (जायकवाडी धरणाच्या जलाशयातील) लाटा आखूड व भरभर येणाऱ्या असतात. शरीराला सर्वाधिक बाधतो तो साधारण 5 सेकंदांना एक असा संथ, वरखाली हेलकावा. तो समुद्रातच भेटतो.

पोटातले पित्त हे याचे मूळ नव्हे. आंतरकर्ण (कानाचा आतला, तोल सांभाळणारा भाग), डोळे व स्नायू यांच्या संवेदना मेंदूच्या अपेक्षेशी जुळत नाहीत, हे मत बहुमान्य आहे. मेंदू या गोंधळाला विषबाधा समजतो व म्हणून ओकारी येते, अशी पुस्ती संशोधक ट्रीझमन यांनी 1977 मध्ये जोडली. रिचिओ व स्टोफ्रेगन (1991) या संशोधकांच्या मते तोल सावरण्याची घडी बिघडणे हेच कारण होय. आंतरकर्णाचे संतुलनकार्य पूर्ण गमावलेल्यांना बोट लागत नाही, अंध व्यक्तींना मात्र लागू शकते. यावरून आंतरकर्णाचा वाटा निर्णायक दिसतो, आणि पहिले मतच अधिक पटण्याजोगे ठरते.

बसावे नावेच्या मध्यभागी, खालच्या बाजूस; नजर क्षितिजावर ठेवावी. मोबाइल व वाचन टाळावे. उपाशी निघू नये, थोडे कोरडे खावे. मेक्लिझिन ही मळमळ रोखणारी गोळी 25 ते 50 मिग्रॅ. (प्रौढांस) निघण्यापूर्वी तासभर घेतात. झापड येते, म्हणून सुकाणू धरणाऱ्याने जपावे. ओकाऱ्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही व जठर मंदावल्याने नीट शोषलीही जात नाही. कानामागे लावायची स्कोपोलामाइन या औषधाची पट्टी किमान 4 तास आधी लावावी. ती 3 दिवस चालते. काचबिंदू किंवा लघवी अडण्याचा त्रास असल्यास ती वर्ज्य. हेच द्रव्य बांधावरच्या धोत्र्यातही असते, परंतु त्याचे प्रमाण झाडागणिक बदलते. धोत्र्याचे पान वा बी कदापि खाऊ नये, जीव जाऊ शकतो.

बोट लागलेल्यास डोळे मिटून, डोके स्थिर ठेवून उताणे निजवावे. ओकारी येताच कुशीवर वळवावे. जलसंजीवनी घोटघोट पाजावी. कठड्याबाहेर ओकताना तोल जाण्याचा धोका मोठा, म्हणून दुसऱ्याने धरून राहावे. बहुतेकांचे शरीर 2-3 दिवसांत सरावते. किनाऱ्यावर उतरल्यावर जमीन डोलल्यासारखी वाटते, ती याच सरावामुळे.