दुधाची पिशवी

दुधाची पिशवी म्हणजे डेअरीचं पाश्चराइज केलेलं दूध ज्यातून घरी येतं ती पातळ पॉलिथिनची सीलबंद पिशवी, बहुतेक अर्ध्या नाहीतर एक लिटरची. सिंगल यूज प्लास्टिक म्हटलं की आपल्याला आधी कॅरीबॅग, स्ट्रॉ, थर्माकोलच्या प्लेटा आठवतात, पण मराठी घरात रोज न चुकता येणारं प्लास्टिक हेच. जून २०१९ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी विधानसभेत सांगितलं होतं की राज्यात रोज साधारण १ कोटी दुधाच्या पिशव्या वापरल्या जातात आणि त्यांचा कचरा ३१ टन होतो. म्हणजे एका पिशवीचं वजन जेमतेम ३ ग्रॅम.

पूर्वी हे नव्हतं. गवळी रतीब घालायचा, घरचं पातेलं पुढे करायचं आणि तो मापाने ओतायचा. मुंबईत आरेचं दूध काचेच्या बाटलीत यायचं, वर अ‍ॅल्युमिनियमचं पातळ झाकण, आणि सकाळी केंद्रावर रिकामी बाटली घेऊन रांगेत उभं राहायचं, ती दिली की भरलेली मिळायची. ज्याला आज रियूज वगैरे म्हणतात ते तेव्हा रोजचंच काम होतं. पिशवी आली ती हलकी म्हणून, फुटायची भीती नाही, रिकाम्या बाटल्या परत न्यायला नकोत, धुवायला नकोत. डेअरीच्या बाजूने बघितलं तर ते पटतंही.

२३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा ५० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड दुधाच्या पिशव्यांना सूट मिळाली, अट अशी की रिकामी पिशवी परत केली की गिऱ्हाईकाला ५० पैसे मिळावेत. कल्पना खरंच चांगली होती, मला आजही वाटतं की ती नीट राबवायला हवी, कारण आमच्या भागात तरी एकाही दुकानात मला ते ५० पैसे कधी मिळालेले नाहीत.

पण ही पिशवी बाकीच्या प्लास्टिकसारखी निकामी नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. वेफर्सचं चकचकीत पाकीट भंगारवाला घेत नाही कारण त्यात वेगवेगळे थर चिकटवलेले असतात. दुधाची पिशवी नुसती पॉलिथिनची, त्यामुळे ती वितळवून तिचा दाणा करता येतो आणि छपाईमुळे रंग गढूळ होतो म्हणून तो दाणा काळे पाइप, कचऱ्याच्या काळ्या पिशव्या असल्या कामाला जातो. बऱ्याच ठिकाणी रद्दीवाले या पिशव्या किलोवर घेतात. किलो भरायला तीनशेच्या वर पिशव्या लागतात, रोज दोन पिशव्या येणाऱ्या घरात पाचेक महिने, एवढा धीर धरावा लागतो.

आणि सगळा घोळ होतो तो पिशवीच्या कोपऱ्यात. आपण कात्रीने टोक कापतो, ते नखाएवढं तिकोनी तुकडं ओट्यावर पडतं, पाण्याबरोबर सिंकमध्ये जातं नाहीतर केरात, आणि एवढासा तुकडा कुठलाही कचरावेचक वेचू शकत नाही. १ कोटी पिशव्या म्हणजे रोज १ कोटी तुकडे! त्यामुळे कोपरा पूर्ण कापू नये, तीन चतुर्थांश चीर द्यावी, टोक पिशवीलाच लोंबकळत राहतं आणि दूध छान ओतता येतं. आमच्याकडे आई असंच करते, मग पिशवीत थोडं पाणी घालून खळखळून ते पाणी कुंडीत, आणि पिशवी उलटी करून नळाला अडकवायची, दुपारपर्यंत वाळते. न धुतलेली पिशवी दुसऱ्या दिवशी आंबते, ओल्या कचऱ्यात गेली तर चिकट होऊन कुणी हात लावत नाही, आणि उघड्यावर पडली तर दुधाच्या वासाने गायी चघळतात, ती पोटात साठते आणि शेवटी जनावराचं पोट कापून काढावी लागते.

पिशवी कमीच करायची तर अर्ध्या लिटरच्या दोन घेण्यापेक्षा एक लिटरची एक घ्यावी, प्लास्टिक कमी लागतं. जिथे गवळी किंवा सुटं दूध देणारी डेअरी आहे तिथे किटली न्यावी. काही शहरांत काचेच्या बाटलीतलं दूध परत घरपोच मिळायला लागलंय पण ते महाग पडतं, सगळ्यांना परवडेल असं नाही.

रोपं लावायलाही या पिशव्या खूप वापरतात, तळाला दोनचार भोकं पाडायची, माती भरायची की झालं. फक्त रोप जमिनीत लावताना पिशवी फाडून बाहेर काढायची, बरेच जण तशीच खड्ड्यात ठेवतात आणि मुळं आतल्या आत गुंडाळत बसतात.